दोन ठोक्यांमधला वेळ

जिना चढताना छातीच्या मध्यभागी दडपण येऊ लागले आणि थोडे थांबले की ते आपोआप ओसरू लागले, तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांनी मला हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. तिथून पुढे ईसीजी, टू-डी एको, स्ट्रेस टेस्ट आणि अखेरीस अँजिओग्राफी अशा तपासण्या एकामागून एक झाल्या. माझे वय 57, रक्तदाबाची गोळी काही वर्षांपासून चालू, आणि सगळी नोकरी शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात गेलेली. त्यामुळे समोर यंत्र आले की ते नेमके काय मोजते हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. सुदैवाने उत्तरे देणारी माणसे भेटली. हृदय किती जोराने आवळते हे सगळेच विचारतात. ते किती लवकर आणि किती नीट सैल पडते याची चौकशी फारसे कोणी करत नाही. माझ्या प्रत्येक तपासणीत मात्र, कधी कागदावर, कधी पडद्यावर, तर कधी आकड्यांत, हाच भाग पुन्हा पुन्हा पुढे येत राहिला.

ईसीजी पाच-सात मिनिटांत उरकला आणि ‘नॉर्मल’ आला. विलेम आइन्टहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नेदरलँड्समधल्या लायडन येथे उभारलेले ईसीजीचे यंत्र सुमारे 270 किलो वजनाचे होते आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. त्या कामासाठी त्यांना 1924 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आता चिमटे आणि चोषकगोळे पुरतात, परंतु लहरींना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही नावे अजून तीच आहेत. पी म्हणजे अलिंदांत (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत) विद्युत्-संदेश पसरला, क्यूआरएस म्हणजे तो निलयांत (खालच्या दोन कप्प्यांत) पोचला, आणि टी म्हणजे निलयांचे स्नायू विद्युत्-दृष्ट्या पूर्ववत झाले. पी आणि क्यूआरएस यांच्यामध्ये जो सपाट तुकडा दिसतो तो मला विशेष आवडला. अलिंद आणि निलय यांच्या सीमेवरच्या गाठीत संदेश सुमारे दशांश सेकंद मुद्दाम अडवला जातो, जेणेकरून अलिंदांतले उरलेसुरले रक्त खाली उतरेपर्यंत निलयांनी आवळायला सुरुवात करू नये. ही गाठ सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने 1906 मध्ये वर्णन केली, आणि ठोक्याचा आरंभ जिथून होतो ती उजव्या अलिंदातली गाठ पुढच्याच वर्षी कीथ आणि फ्लॅक यांना सापडली.

कागद हातात आल्यावर मी चौकोन मोजले. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर या वेगाने सरकतो, म्हणजे एक बारीक चौकोन 0.04 सेकंदाचा. माझ्या दोन ठोक्यांमध्ये 19 चौकोन भरले, म्हणजे मिनिटाला 79 ठोके. त्यांतले क्यूआरएसच्या आरंभापासून टी संपेपर्यंतचे 9 चौकोन हा ढोबळमानाने आकुंचनाचा काळ, आणि उरलेले 10 चौकोन शिथिलतेचे. मिनिटभराचा हिशेब केला तर माझे हृदय बसल्या जागी मिनिटातले साधारण 32 सेकंद सैल पडलेले असते. हा 32 चा आकडा पुढे उपयोगी पडला. स्वस्थ पडलेल्या माणसाचा ईसीजी चांगला आला म्हणून श्रमाच्या वेळीही सगळे ठीक असते असे समजायचे नाही, हे डॉक्टरांनी तिथल्या तिथे बजावले आणि एको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र पाहण्याची तपासणी, करायला सांगितले.

एकोची खोली अंधारी होती. डाव्या कुशीवर वळून डावा हात डोक्याखाली घ्यायचा, म्हणजे हृदय छातीच्या भिंतीलगत येते आणि फुप्फुसातली हवा मध्ये कमी येते. हवेतून श्राव्यातीत ध्वनी नीट जात नाही, आणि म्हणूनच थंडगार जेल चोपडतात. तपासणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या. “काकू, श्वास सोडा आणि तिथेच थांबा,” एवढेच त्या अधूनमधून म्हणत. शरीराच्या मऊ ऊतींतून ध्वनी सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने जातो. 15 सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला सेकंदाचा जेमतेम पाच-हजारावा भाग लागतो, आणि म्हणून पडद्यावरचे चित्र हृदयाच्या चालीला अडखळत नाही. या तंत्राची सुरुवात स्वीडनमधल्या लुंड येथे 1953 मध्ये झाली. इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी त्यासाठी जहाजबांधणीच्या कारखान्यातून धातूतले दोष शोधण्याचे उपकरण उसने आणले होते. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला असल्या गोष्टी ऐकून जरा जास्तच आनंद होतो, हे कबूल आहे.

पडद्यावर प्रथम डोळ्यांत भरला तो दोन निलयांमधला फरक. डाव्या निलयाची भिंत साधारण 10 मिलिमीटर जाड, उजव्याची त्याच्या निम्मीही नाही. दोन्ही बाजू प्रत्येक ठोक्याला सारखेच रक्त ढकलतात, कारण अभिसरण एकाच वर्तुळात आहे आणि उजवीकडून फुप्फुसांत जितके जाईल तितकेच डावीकडे परत येणार. फरक आहे तो विरोधाचा. फुप्फुसांच्या रोहिणीत (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीत) दाब 25 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास चढतो, तर डाव्या निलयाला महारोहिणीत, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिनीत, 120 पर्यंत दाब चढवायचा असतो. डाव्या निलयात माझ्या बाबतीत भरल्यावर 110 मिलिलिटर आणि आवळल्यावर 42 मिलिलिटर रक्त मोजले गेले. दर ठोक्याला बाहेर पडले ते 68, म्हणजे भरलेल्या रक्ताच्या 62 टक्के. हाच तो ‘ईएफ’, ज्याच्याबद्दल घरी आल्यावर प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो. मिनिटाचा हिशेब सव्वापाच लिटरच्या पुढे जातो, आणि प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण रक्तही जवळपास तेवढेच असते. म्हणजे बसल्या जागी सगळे रक्त सुमारे मिनिटाभरात एक फेरी पुरी करते. 1628 मध्ये विल्यम हार्वे यांनी नेमका असाच हिशेब मांडला होता: दर तासाला हृदयातून इतके रक्त बाहेर पडते की ते अन्नातून नव्याने तयार होणे अशक्य आहे, तेव्हा तेच रक्त परत येत असले पाहिजे. रोहिण्यांतून नीलांत, म्हणजे हृदयाकडे परतणाऱ्या वाहिन्यांत, ते कसे जाते हे मात्र त्यांना पाहता आले नाही. या दोन्हींना जोडणाऱ्या अतिबारीक केशवाहिन्या मार्चेल्लो मालपिगी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली 1661 मध्ये पाहिल्या, तोवर हार्वे यांना जाऊन चार वर्षे झाली होती.

मग डॉक्टरांनी डाव्या बाजूची झडप मोठी करून दाखवली. हे दृश्य मी पुष्कळ वेळ पाहत राहिले. डावा अलिंद आणि डावा निलय यांच्यामधली ही झडप दोन पाकळ्यांची असते आणि तिला स्वतःचा स्नायू नसतो; दाब ज्या बाजूला कमी तिकडे ती लोटली जाते, एवढीच तिची करामत. ती एका ठोक्याला एकदा उघडते आणि एकदा मिटते असे कोणालाही वाटेल. पडद्यावर मात्र ती दोनदा उघडताना दिसली. निलय सैल पडला की त्यातला दाब झपाट्याने घसरतो, पाकळ्या फटकन आत उघडतात आणि अलिंदात साठलेले रक्त खाली उतरते. मग दोन्हींकडचा दाब सारखा होऊ लागतो, पाकळ्या अर्धवट मिटत येऊन नुसत्या तरंगत राहतात. आणि अगदी शेवटी अलिंद आवळतो, तेव्हा त्या पुन्हा एकदा उघडतात. यानंतर निलयाचे आकुंचन सुरू होते, पाकळ्या घट्ट मिटतात, आणि त्या अलिंदात उलट्या लोटल्या जाऊ नयेत म्हणून खालून बारीक दोऱ्यांसारखे तंतू त्यांना धरून ठेवतात. छातीला कान लावल्यावर पहिला आवाज येतो तो या मिटण्याचा. दुसरा येतो तो महारोहिणीच्या आणि फुप्फुस-रोहिणीच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटण्याचा. दुसऱ्या आवाजानंतरची शांतता जास्त लांब असते, आणि हे सगळे भरणे त्या शांततेत चालते.

रक्ताचा वेग दाखवणारा डॉप्लरचा आलेख लावल्यावर या दोन उघडण्यांच्या दोन लहरी झाल्या. पहिलीला ई म्हणतात, दुसरीला ए. तरुण आणि निरोगी हृदयात ई उंच असते, कारण निलय पटकन सैल पडतो आणि रक्ताला जणू ओढून घेतो. माझ्यात पहिल्या लहरीचा वेग सेकंदाला अर्धा मीटर होता आणि दुसरीचा पाऊण मीटर. याचा अर्थ निलय सावकाश सैल पडत होता, सुरुवातीला कमी भरत होता आणि उरलेली तूट अलिंदाला शेवटच्या क्षणी जोर लावून भरून काढावी लागत होती. अहवालात हे ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’ (शिथिल होण्यातला पहिल्या पायरीचा दोष) या शब्दांत उतरले आणि घरात एकदम चिंतेचे वातावरण पसरले. हृदयरोगतज्ज्ञांनी अहवाल वाचून सांगितले की पन्नाशी-साठीनंतर, विशेषतः रक्तदाब असेल तर, हे शेरे नेहमी येतात आणि एवढ्यावरून ‘हृदय कमजोर झाले’ असा अर्थ काढायचा नसतो.

मला मात्र प्रश्न पडला की सैल पडण्याला वेळ का लागावा. ताणलेला स्नायू सोडून दिला की तो आपोआप सैल पडायला हवा. डॉक्टरांनी दिलेले उत्तर मला संपूर्ण प्रक्रियेतले सर्वांत मोलाचे वाटते. हृदयाच्या पेशीत कॅल्शियम शिरले की तंतू एकमेकांत सरकतात आणि आकुंचन होते; शिथिल व्हायचे तर ते कॅल्शियम पेशीतल्याच साठवणीच्या नळ्यांत परत ओढून न्यावे लागते, आणि ते ओढणारे पंप एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, खर्चूनच चालतात. म्हणजे हृदयाला सैल पडायलाही ऊर्जा लागते. रक्तपुरवठा कमी पडला की पहिला फटका या शिथिल होण्याला बसतो. आकुंचनातला दोष त्यानंतर दिसतो, ईसीजीतला बदल आणखी नंतर, आणि छातीत दुखणे हे बहुधा सर्वांत शेवटी. माझ्या एकोवरून रक्तपुरवठ्याचा निष्कर्ष काढता येत नव्हता, कारण तेच चित्र वयाने आणि रक्तदाबाने जाड झालेल्या स्नायूतही दिसते. म्हणून पुढची पायरी स्ट्रेस टेस्ट.

ही चाचणी सरकत्या पट्ट्यावर चालून करतात, आणि जवळपास सर्वत्र रॉबर्ट ब्रूस यांनी बसवलेल्या पद्धतीने: दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिल्या टप्प्यात ताशी 2.7 किलोमीटर आणि 10 टक्के चढ, दुसऱ्यात 4 किलोमीटर आणि 12 टक्के, तिसऱ्यात साडेपाच किलोमीटर आणि 14 टक्के. 220 मधून वय वजा करायचे आणि येणाऱ्या आकड्याच्या 85 टक्क्यांपर्यंत ठोके न्यायचे. माझ्यासाठी ते लक्ष्य 139 होते. छातीवर चिकट पट्ट्या आणि त्यांच्या तारा, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, समोर सतत सरकणारा ईसीजी, आणि शेजारी डॉक्टर उभे. पहिला टप्पा इतका सोपा वाटतो की चाचणीविषयी उगाच आत्मविश्वास येतो.

चालताना रक्ताची मागणी वाढली की हृदय आधी ठोके वाढवते. शिवाय पोटऱ्यांचे स्नायू आवळताना त्यांच्यामधल्या नीला पिळल्या जातात, नीलांतल्या झडपा रक्ताला खाली उतरू देत नाहीत, आणि ते वर हृदयाकडे ढकलले जाते. शरीरातले निम्म्याहून जास्त रक्त एरवी नीलांतच असते, त्यामुळे हा साठा हलवणे महत्त्वाचे. पण ठोके वाढण्याची एक किंमत असते. मिनिटाला 140 ठोके पडले तर एका ठोक्याच्या वाट्याला 0.43 सेकंद येतात. आकुंचनाचा काळ थोडाच घटतो, पाव सेकंदाच्या आसपास राहतो. काटछाट होते ती मुख्यतः शिथिलतेच्या काळात. मिनिटभराची बेरीज केली तर माझ्या 32 सेकंदांचे जेमतेम 25 उरतात. आणि हृदयाच्या डाव्या निलयाच्या स्नायूला स्वतःचा रक्तपुरवठा बहुतांशी याच काळात होतो, कारण आकुंचनात स्नायूतल्या बारीक वाहिन्या त्या स्नायूच्याच दाबाखाली चेपल्या जातात. काम वाढले की पुरवठ्याचा वेळ कमी होतो, असा हा पेच आहे. इतर अवयव अशा वेळी आलेल्या रक्तातून जास्त प्राणवायू काढून घेऊ शकतात. हृदयाला ती सोय फारशी नाही, कारण ते विश्रांतीतही आलेल्या रक्तातला 70 टक्क्यांहून जास्त प्राणवायू वापरत असते. त्याला हवे असते ते जास्त रक्तच. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या निरोगी कोरोनरी रोहिण्या त्यासाठी प्रवाह चार-पाच पट वाढवू शकतात, आणि अरुंद झालेल्या रोहिणीला तेवढे जमत नाही, हे पकडण्यासाठीच माणसाला पट्ट्यावर चालवतात.

तिसऱ्या टप्प्यात, लक्ष्य गाठता गाठता, ओळखीचे दडपण आले. पडद्यावर व्ही-फाइव्ह या तारेच्या आलेखात क्यूआरएस आणि टी यांच्यामधला तुकडा सुमारे एक मिलिमीटर खाली बसलेला दिसत होता. निलयाच्या भिंतीचा सर्वांत आतला थर आकुंचनात सर्वांत जास्त चेपला जातो, त्यामुळे टंचाई तिथे आधी जाणवते, आणि हा तुकडा खाली बसणे ही त्याची खूण. पट्टा एकदम थांबवला नाही; संथ वेगाने चालवत ठेवले, कारण पाय अचानक थांबले तर नीलांत रक्त साचते, हृदयाकडे कमी परतते आणि घेरी येऊ शकते. दोन मिनिटांत आलेख जागेवर आला. निष्कर्ष ‘बॉर्डरलाइन’ असा निघाला. बायकांमध्ये रोहिण्या मोकळ्या असतानाही हा तुकडा खाली बसण्याचे प्रमाण पुरुषांहून जास्त असते, हे डॉक्टरांनी आपणहून सांगितले, आणि सीटी अँजिओग्राफी किंवा रोहिणीत नळी घालून करायची नेहमीची अँजिओग्राफी असे दोन पर्याय पुढे ठेवले. दडपणाची तक्रार खरी होती, आणि दुसऱ्या पर्यायात अरुंद जागा सापडल्यास तिथेच दाब मोजता येणार होता, म्हणून मी दुसरा निवडला.

आधी मूत्रपिंडे नीट चालतात का हे पाहण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन तपासले, कारण वाहिन्या दिसाव्यात म्हणून वापरले जाणारे आयोडीनयुक्त द्रव्य मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते. अँजिओग्राफीच्या खोलीत, म्हणजे कॅथलॅबमध्ये, नेण्याआधी उजव्या मनगटाची एक छोटी परीक्षा झाली. घट्ट मूठ आवळायला सांगून डॉक्टरांनी अंगठ्याकडची आणि करंगळीकडची अशा दोन्ही रोहिण्या बोटांनी दाबून धरल्या. मूठ उघडली तेव्हा तळवा कागदासारखा पांढरा पडला होता. त्यांनी फक्त करंगळीकडची बाजू सोडली आणि दोन-चार सेकंदांत गुलाबी रंग करंगळीकडून अंगठ्याकडे पसरत गेला. तळव्यात या दोन रोहिण्या कमानीने जोडलेल्या असतात, म्हणून एकीत नळी घातली तरी दुसरी हात सांभाळते. अभिसरणाचा इतका स्वच्छ प्रयोग, तोही कोणत्याही उपकरणाविना, मी वर्गात कधी दाखवू शकले नव्हते.

मनगटात बधिर करण्याचे इंजेक्शन दिले तेवढेच काय ते टोचले. मग तिथून रोहिणीत घातलेली कॅथेटर नळी जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची होती. दंडातून खांद्याकडे ती सरकताना काही कळत नाही, कारण रोहिणीच्या आतल्या बाजूला तसे स्पर्शज्ञान नसते. कोपराखाली मात्र एकदा आवळल्यासारखे झाले, तेव्हा रोहिणीचा पेटका सोडवण्यासाठी औषध दिले. “मोठा श्वास घ्या,” असे सांगून नळी महारोहिणीच्या तोंडाशी उतरवली. नळी हृदयाकडे नेण्याचे धाडस प्रथम वेर्नर फोर्समन या तरुण जर्मन डॉक्टरने 1929 मध्ये स्वतःवरच केले होते: दंडातल्या नीलेतून नळी आत सरकवून तो क्ष-किरण विभागापर्यंत चालत गेला. कोरोनरी रोहिणीत थेट द्रव्य सोडण्याचा शोध तर अपघाताने लागला. 1958 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स यांच्या हाताखालच्या तपासणीत नळीचे टोक चुकून उजव्या कोरोनरी रोहिणीत शिरले आणि बरेचसे द्रव्य तिथेच सुटले. हृदय काही सेकंद थांबले, रुग्णाला जोराने खोकायला लावले, ते पुन्हा चालू झाले, आणि रोहिणीचे असे स्वतंत्र चित्र घेता येते हे सिद्ध झाले.

कोरोनरी रोहिण्या महारोहिणीच्या अगदी बुडाशी, झडपेच्या लगेच वर निघतात. हृदयाच्या कप्प्यांतून मिनिटाला पाच लिटर रक्त वाहत असते, पण निलयाच्या जाड भिंतीला त्यातून थेट काही घेता येत नाही. खजिनदाराच्या हातून सारा पैसा जात असला तरी त्याचा पगार त्याला वेगळाच मिळावा, तशी ही व्यवस्था आहे. विश्रांतीत हा पगार एकूण प्रवाहाच्या 4-5 टक्के असतो. आकुंचनात ताणलेली महारोहिणी नंतर मूळ आकाराला येते आणि आतल्या रक्तावरचा दाब 80 च्या खाली फारसा घसरू देत नाही. मिटलेल्या झडपेवर टेकलेले ते रक्त याच दाबाने कोरोनरी रोहिण्यांत शिरते.

पडदा माझ्या डाव्या बाजूला होता आणि मला पाहायला मनाई नव्हती. द्रव्य सोडले की काळ्या फांद्या क्षणात उमटत, दोन-तीन ठोक्यांत पुसट होत. त्या स्थिर नसतात. प्रत्येक आकुंचनाला सगळ्या फांद्या वेड्यावाकड्या मुडपतात, आणि हृदय सैल पडले की ताणून सरळ होतात. एलएडी नावाच्या, निलयाच्या पुढच्या भिंतीवरून खाली उतरणाऱ्या रोहिणीत मधोमध एक कंबर दिसत होती. “साठ टक्के असेल,” डॉक्टर म्हणाले. नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, हा नियम मी मनातल्या मनात लावून पाहिला आणि धास्तावले, कारण त्या हिशेबाने प्रवाह चाळिसाव्या हिश्श्यावर यायला हवा. तसे होत नाही. तो नियम लांब, एकसारख्या नळीचा आहे. ही कंबर काही मिलिमीटरांची होती, आणि तिच्या पुढच्या बारीक वाहिन्या रुंद होऊन विरोध कमी करतात, त्यामुळे विश्रांतीतला प्रवाह बराच काळ टिकून राहतो. म्हणूनच डोळ्यांनी दिसलेल्या टक्क्यांवर स्टेंटचा (अरुंद जागा उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीचा) निर्णय घेऊ नये, असे या डॉक्टरांचे मत होते, आणि मला ते पटले.

त्यांनी केसाच्या काही पट जाड, 0.36 मिलिमीटरची एक तार कंबरेपलीकडे नेली. तिच्या टोकाशी दाब मोजणारा संवेदक असतो. कंबरेआधीचा दाब आणि नंतरचा दाब यांचे गुणोत्तर काढायचे, तेही ठोक्याच्या सगळ्या काळातले नव्हे: शिथिलतेच्या काळात एक अशी खिडकी येते जेव्हा दाबाच्या लाटा शांत असतात आणि बारीक वाहिन्यांचा विरोध सर्वांत कमी व स्थिर असतो, फक्त तेवढ्यातलेच आकडे घेतात. याला आयएफआर म्हणतात, आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनंतर ही पद्धत रुळली. गुणोत्तर 0.89 किंवा त्याहून कमी आले तर अडथळा प्रवाह रोखतो असे धरतात. माझे 0.93 आले. स्टेंट टाकायची गरज नव्हती.

मनगटावर पारदर्शक पट्टा बांधून त्यात सिरिंजने हवा भरली. रक्त थांबेल पण रोहिणी पूर्ण बंद होणार नाही इतकाच दाब त्यात ठेवायचा असतो, कारण ती पूर्ण दाबून ठेवली तर आत गुठळी होऊन कायमची बुजण्याची शक्यता वाढते. दर थोड्या वेळाने परिचारिका येऊन थोडी हवा काढे आणि खालून रक्त झिरपते का ते पाही. संध्याकाळी पट्टा निघाला.

औषधांत अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन आले, आणि एक बीटा-ब्लॉकर. त्याने आकुंचनाचा जोर आणि ठोके दोन्ही कमी होतात, त्यामुळे मागणी घटते, हे नेहमी सांगितले जाते. माझ्या दृष्टीने त्याचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा: ठोके 79 वरून 62 वर आले, तेव्हा मिनिटातले शिथिलतेचे 32 सेकंद जवळपास 37 झाले, आणि तो सगळा वाढीव वेळ कोरोनरी रोहिण्यांच्या वाट्याला आला. जिना आता दडपणाविना चढता येतो, मात्र पहिल्या आठवड्यात पाय जड वाटत होते. ही गोळी मनाने एकाएकी बंद करायची नाही, कारण दबलेली यंत्रणा उसळून ठोके आणि रक्तदाब एकदम वाढू शकतात.

जवळ ठेवायची एक गोळी जिभेखाली धरायची आहे. नायट्रेटच्या या गोळीने नीला सैलावतात, हृदयाकडे परतणारे रक्त घटते, सैल पडलेल्या निलयातला दाब कमी होतो आणि भिंतीच्या आतल्या थरावरचे चेपणे तेवढे हलके होते. रक्तदाबही उतरत असल्याने ती उभ्याने न घेता बसून घ्यायची, आणि पाच मिनिटांत दडपण ओसरले नाही किंवा वाढत गेले तर डॉक्टरांच्या फोनची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवायची, असे माझ्या कागदावर लिहून दिलेले आहे.